चिरनेरच्या वाटेवर

उरण तालुक्यातील चिरनेरला लोक महागणपतीसाठी जातात. आम्ही अक्कादेवीच्या डोंगराकडे वळलो. जंगलचे लाकूड, गवत गोरगरिबांना तोडू न देणाऱ्या इंग्रज सरकारविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी शेतकरी, आदिवासी कोयते घेऊन येथे सत्याग्रहाला आले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मे झाले. नाग्या कातकरी, रामा कोळी, रघुनाथ न्हावी ही त्यांतली नावे, सगळी कष्टकऱ्यांची.

गोळ्या सरकारच्या, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गावकऱ्यांनाच! तेव्हा त्यांच्या बचावासाठी कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जात न विचारता.

आज स्मृतिदिनी पोलीसच हुतात्म्यांना मानवंदना देतात. बंधुभगिनींनो, मुलाबाळांसह चिरनेरला जा. हुतात्म्यांची नावे वाचून दाखवा आणि त्यांच्या वकिलाचेही नाव सांगा.