घंटेचे दुसरे घर

विवाहाच्या पंचविसाव्या वाढदिवशी आम्ही उभयतांनी पणजी पायीच पाहिली. कन्या सासरी गेल्यापासून आमचे परस्परांशी बोलणे कामापुरतेच उरले होते. फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती ओलांडून निष्कलंक मातेच्या चर्चचा पांढरा जिना चढू लागलो, तेव्हा गुडघ्यांपायी एकमेकांचा हात धरावाच लागला. तेथील थोरली घंटा मूळची जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनच्या मठाची. त्या ओस मठाचे छत १८४२ साली कोसळले. घंटा १८७१ मध्ये येथे आली. घर उजाड झाले, तरी तिचा नाद नष्ट झाला नव्हता. तिला पुन्हा टांगणारे हात तेवढे हवे होते. त्या सायंकाळी मांडवीकाठी दिवेलागणीनंतरही आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो.