तापलेल्या इंजिनाचा धडा

आमचे शेत पैनगंगेच्या काठी आहे. ऐलतीरी आदिलाबाद जिल्हा, पैलतीरी महाराष्ट्र. परंतु दोन्ही तीरांवर जमीन तीच काळी आणि बोली तीच मराठी. मार्गशीर्षाचे दिवस होते. कापसाची वेचणी चालू होती आणि शेजारच्या हरभऱ्याला पाणी देण्यासाठी काकांनी नदीकाठी डिझेल इंजिन लावले होते. त्यावर लक्ष ठेवण्याचे काम मजकडे सोपवून ते स्वतः दारे धरीत होते.

तासाभराने रेडिएटरमधून वाफ निघू लागली. मी घाबरून इंजिन बंद केले. एवढ्यावरच थांबलो असतो तर आज हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता! ‘गार पाणी ओतले की निवेल’, असे मनाशी ठरवून मी बादली भरून आणली आणि हाताला फडके गुंडाळून झाकण फिरवू लागलो. काकांनी ते दुरून पाहिले. ते धावत आले, त्यांनी मला बाजूस लोटले. परंतु तोवर झाकण सैल झाले होते. उकळत्या पाण्याचा फवारा उसळला आणि काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

काकूने घागरीतील स्वच्छ गार पाण्याची धार २० मिनिटे त्या हातावर धरली. तेल, हळद काहीही लावू न देता वडिलांनी त्यांना दवाखान्यात नेले. काका मला एक शब्दही बोलले नाहीत. त्या हंगामात त्यांच्या वाट्याच्या ओळी मी वेचल्या. प्रत्येक बोंडाला हात लावताना मला त्यांचा बांधलेला हात दिसे.

पुढे विज्ञानाच्या गुरुजींनी कारण समजाविले. डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच कामी येते. उरलेली धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर घालवावी लागते. घट्ट झाकणाखाली दाब वाढतो, म्हणून आतील पाणी १०० अंशांपुढे तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन ते उसळते. शिवाय तापलेल्या लोखंडावर एकाएकी गार पाणी पडले तर त्याला तडा जाण्याचेही भय असते.

मग इंजिन तापले तरी कशाने? रेडिएटरच्या बारीक जाळीत कापसाचे तंतू, पाचोळा आणि धूळ बसून वाऱ्याची वाटच बंद झाली होती. दोन मिनिटांच्या सफाईचा आळस आम्हांस एवढा महाग पडला!

आता रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, मी झाकण उघडून पाणी पाहतो, मऊ ब्रशाने जाळी झाडतो, रबरी नळ्या व पंख्याचा पट्टा तपासतो. इंजिन चालू असताना पंख्याजवळ हात नेत नाही. कधी तापलेच, तर बंद करून पूर्ण निवेपर्यंत दूर बसतो.

काकांच्या हातावर डाग राहिला आहे. परवा मी विचारले, “काका, त्या दिवशी मला रागावला का नाहीत?” ते म्हणाले, “बाळा, बैल धापा टाकू लागला तर आपण त्याला सावलीत उभा करतो, घाई करीत नाही. इंजिनाचेही तसेच, हे मी तुला आधी सांगायला हवे होते.”

म्हणूनच, मित्रहो, ते मी तुम्हांला आधीच सांगत आहे.