भरतकामाचे उद्यापन

आरंभास मुहूर्त असतो, उत्साह असतो, चार जणींचे कौतुकही असते. समाप्तीच्या वाट्यास यांपैकी फारसे काही येत नाही. म्हणूनच की काय, कोणत्याही सुशिक्षित कुटुंबातील पेट्या व कपाटे धुंडाळली असता एखादे तरी गाठोडे असे निघते की, ज्यात अर्धवट भरलेला दुसुतीचा तुकडा, गुंतलेल्या रेशमाच्या लडी आणि घड्यांवर विरलेला नक्षीचा कागद ही मंडळी वर्षानुवर्षे एकत्र नांदत असतात. आळस हे याचे कारण असल्याचे पुष्कळांचे मत आहे. आम्हांस ते मान्य नाही.

लग्नापूर्वी हाती घेतलेले भरतकाम सहसा अपुरे राहत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रुखवतात मांडावयाचे तोरण, उशांचे अभ्रे, ताटावरचे रुमाल यांना लग्नतिथीचा अंकुश असतो. मुलगी रात्र जागवील, मैत्रिणींना हाताशी घेईल, पण वस्तू वेळेवर पुरी करील. तीच मुलगी सासरी येऊन एखादे चित्र भरावयास घेते तेव्हा त्या कामास कोणी तिथी नेमून देत नाही. उलट घरातील प्रत्येक तिथी त्याच्या आड येते.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमच्या सौभाग्यवतींनी २००२ साली नारोशंकराच्या देवालयाचे चित्र फुलीच्या टाक्याने भरावयास घेतले. १७४७ साली बांधलेले हे गोदातीरीचे देवालय नाशिककरांच्या नित्य परिचयाचे आहे. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून नक्षी त्यांनी स्वतःच तयार केली. शिखर झाले, भिंती झाल्या, आणि २००३ चा सिंहस्थ आला. पाहुण्यांची रीघ लागली व काम गुंडाळून ठेवावे लागले. पुढे आमच्या मातोश्रींचे दीर्घ आजारपण, चिरंजीवांचे लग्न, नातवंडे असे एकामागून एक येत गेले. २०१५ चा सिंहस्थही येऊन गेला. एके दिवशी पेटी आवरताना ते गाठोडे हाती आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता छिद्रे दिसत नाहीत मला. सूनबाईंना द्या, पिशवी तरी शिवतील त्याची." वाक्य साधेच होते, परंतु बोलताना त्यांनी ते कापड खाली मात्र ठेवले नाही.

आम्ही कागद-पेन्सिल घेतली. कापड दर इंचास १४ फुल्यांचे. चित्र १० इंच रुंद व १५ इंच उंच. म्हणजे एका ओळीत १४०, अशा २१० ओळी. एकूण फुल्या २९,४००. त्यांपैकी खालचा तिसरा हिस्सा, म्हणजे घाटाच्या पायऱ्या व नदीचे पाणी, एवढाच उरला होता: ९,८०० फुल्या. आषाढी एकादशी जवळ आली होती. चातुर्मासाचे दिवस ढोबळमानाने १२० धरले तर रोजच्या वाट्यास ८२ फुल्या येत होत्या.

येथे आम्हांस मातोश्रींच्या लक्षवातींचे स्मरण झाले. एक लाख वाती चार महिन्यांत वळावयाच्या तर रोज आठशे तेहतीस होतात. पूर्वीच्या बायका हा हिशेब मांडीत बसत नसत. रोज ठरल्या वेळी बसत, जुड्या बांधून मोजीत, एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढीत, आणि शेवटी उद्यापन केल्याखेरीज व्रत सुटले असे मानीत नसत. नेम, मोजणी आणि उद्यापन ही तिन्ही आपल्या माजघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अपुऱ्या भरतकामास नेमकी यांचीच उणीव असते, असे आमचे नम्र मत आहे.

दुसरी गोष्ट जागेची. आमच्याच जिल्ह्यात येवल्यास पैठणी विणणारा कारागीर एका वस्त्रावर महिनेच्या महिने काम करतो. त्याचा माग घडी घालून पेटीत ठेवता येत नाही. तो डोळ्यांसमोर उभा असतो व आपल्या धन्यास बोलावीत राहतो. म्हणून आम्ही खिडकीपाशी एक लहान मेज मांडून दिले. सकाळचा उजेड चांगला असतो, तो तास ठरला. रिंग मात्र काम संपताच रोज काढावयाची, नाहीतर कापडावर तिचा वळ उमटतो. सुई कापडात टोचून ठेवावयाची नाही, ती गंजते. छिद्रे दिसण्यास भिंग आणले. नक्षी वाचण्याचे काम आमच्याकडे आले: "डावीकडून सात, फिकट निळा, पुढे तीन, गडद." जन्मभर मुलांकडून शब्दरूपे घोकून घेतलेल्या मास्तरास हे जड नव्हते.

अडचणी आल्याच. निळी लडी त्याच क्रमांकाची आणली, तरी जुन्या रंगाशी जुळेना. निरनिराळ्या वेळी रंगविलेल्या धाग्यांत असा फरक पडतो. सूनबाईंनी तोड सुचविली की, जुनी लडी पायरीलगतच्या पाण्यात संपवावी व नवी त्यापुढे सुरू करावी, म्हणजे सांधा उघडा पडणार नाही. आश्विनात सौभाग्यवतींचे डोळे दुखू लागले. सूनबाई म्हणाल्या, "आई, खालचा कोपरा मी भरते." त्या चटकन कबूल होईनात, दुसऱ्या हाताचा टाका ओळखू येतो, ही त्यांची शंका.

तेव्हा आम्ही बाणभट्टाची गोष्ट सांगितली. 'कादंबरी' अपुरी टाकून बाण निवर्तला. उत्तरभाग त्याच्या पुत्राने रचला, आणि कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, तर ग्रंथ अपुरा राहिल्याचे सज्जनांस दुःख होते म्हणून आपण हे करीत आहोत, असे त्याने आरंभीच सांगून टाकले. दोन हातांतील भेद रसिकांस आजही कळतो; तरी उत्तरभाग नसता तर बरे झाले असते, असे आम्हांस कधी वाटले नाही. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले व एक अट घातली: कोपऱ्यात स्वतःच्या नावाचे आद्याक्षर त्यांच्या अक्षराशेजारी सूनबाईंनी भरावे.

प्रत्येक अपुरे काम पुरे केलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. जे कोणाच्या तरी ईर्ष्येने आरंभिले, ज्याचे कापडच कुजले, ते सोडावे. पण सोडले असे एकदा ठरवून सोडावे, आणि उरलेल्या लडी शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्याव्यात. धड चालू नाही, धड सुटले नाही, असे काम पेटी उघडताच दर वेळी मनास टोचते.

आमच्या घरी कार्तिकी एकादशीच्या सायंकाळी शेवटची फुली पडली. कापड थंड पाण्यात धुण्यापूर्वी लाल धाग्याचा रंग सुटत नाही ना, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपून पाहिले. मग उलट्या बाजूने इस्तरी केली. द्वादशीस आळीतील पाच जणींना फराळास बोलावले, हेच उद्यापन. वाचक भगिनींनी येत्या आषाढीपूर्वी आपापले गाठोडे सोडून उरलेल्या चौकटी मोजाव्यात आणि तो आकडा पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावा, एवढीच सूचना करून हा लेख पुरा करतो.