न सांगता दिलेली गोळी

एसटी स्टँडच्या भिंतींवर जाहिरात असते, ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’. तो नंबर फिरवणाऱ्या बाईची घालमेल मला कळते. कडी वाजली की पोरं झोपेचं सोंग घेतात, अशा घरात आमटीत पूड कालवणं कुणाला पाप वाटणार? पण ती पूड डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या गोळीची असेल, तर ते जिवावर बेतू शकतं.

हे मूळचं रबर कारखान्यातलं रसायन. कोपनहेगनचे येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. स्वतः गोळ्या घेतलेल्या असताना मद्य घेतलं आणि त्यांना त्रास झाला. १९४८मध्ये हे निरीक्षण जगापुढे आलं. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचा निचरा करतं. गोळी हा निचरा अडवते. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. सुरुवातीच्या काळात डॉक्टर रुग्णाला मुद्दाम दारू पाजून हा त्रास अनुभवायला लावत. ती प्रथा मागे पडली, हे फार बरं झालं.

कारण गोळीचं खरं काम तो त्रास देणं नाहीच. दारूची ओढही ती कमी करत नाही. प्रत्येक गुत्त्यापाशी मनाशी जे भांडण करावं लागतं, ते ती सकाळीच एकदा मिटवते. गोळी बंद केली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणजे आज चुकवली म्हणून उद्या बसता येत नाही. पण हे सारं पिणाऱ्याला ठाऊक हवं. ठाऊकच नसेल तर तो पिणार, आणि उरणार ती नुसती इजा.

माझी काकू गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. काका तिच्यासमोर पिऊन पेला उलटा करून दाखवायचे. सुरुवातीला तो पहारा वाटायचा; पुढे काकाच हाक मारू लागले, “अगं, माझं पाणी दे.” रात्री कितीही भांडण झालेलं असो, सकाळी पेला घेऊन जायचं काकूनंच. तिचा हा भार कुणी मोजला नाही.

डॉक्टर यकृताची तपासणी लिहून देतात, खोकल्याच्या औषधातला मद्यार्कही टाळा म्हणून बजावतात. समोर बसलेल्या बायकोला हे रोज झेपेल का, ती आजारी पडली किंवा माहेरी गेली तर पेला कोण देणार, हेही त्याच वेळी विचारायला हवं.