घमेलं, वाळू आणि गुळ्या

दत्तक गेलेलं मांजर परत येतं तेव्हा रेस्क्यूचं काम करणाऱ्या ताई-दादांना कारण विचारावं लागत नाही. पडदे फाडतं, रात्री ओरडतं, ओरबाडतं ही गाऱ्हाणी असतातच. पण बास्केट दारात ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून फार वेळा ऐकू येतं ते हे, ‘डब्यात जातच नाही हो, सगळ्या घरात करून ठेवतं.’ परदेशातल्या प्राणी-निवाऱ्यांचा अनुभवही काही वेगळा नाही. वागणुकीच्या तक्रारींमुळे ज्या मांजरांना घर गमवावं लागतं, त्यांत लिटर बॉक्स सोडून भलतीकडे शी-शू करणाऱ्यांचा क्रमांक बराच वरचा लागतो. यातल्या बऱ्याच मांजरांचं वागणं थोड्या लक्षाने सुधारतं, म्हणून त्यांचं परत जाणं जास्त लागतं.

गुळ्या आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आला तेव्हा साधारण दोन वर्षांचा होता. नसबंदी झालेला, ढेपेच्या गुळाच्या रंगाचा, दणकट बोका. त्याच्यासाठी तयारी जय्यत होती. झाकणाचा आणि झडपेच्या दाराचा डबा, लॅव्हेंडरच्या वासाचे सिलिकाचे खडे आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारची जागा. पहिल्या रात्री गुळ्याने डबा चारी बाजूंनी हुंगला, झडपेखाली तोंड घातलं आणि मागे फिरला. सकाळी बाथरूमबाहेरचं पायपुसणं ओलं होतं. पुढे त्याने मोर्चा आईच्या पलंगावरच्या गोधडीकडे वळवला आणि घरातलं वातावरण तापलं.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, ‘त्याचं नाक घासा त्यात एकदा, परत हिंमत करणार नाही.’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. घडून गेलेल्या गोष्टीचा आणि आता मिळणाऱ्या शिक्षेचा संबंध मांजराला लावता येत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की हा माणूस मधूनच अंगावर येतो. मग ते माणसासमोर करायचं टाळतं आणि पलंगाखाली, सोफ्यामागे, कपाटाच्या कोपऱ्यात जागा शोधतं. गोधडीवर केलं म्हणजे सूड उगवला, हाही समज तसाच. सूड घेण्यासाठी मांजर आपलं मूत्राशय राखून ठेवत नाही. आईने काकूंना शांतपणे सांगितलं, ‘त्याला काहीतरी होतंय. आधी डॉक्टरांना दाखवू.’

प्राण्यांचे डॉक्टरही हाच क्रम सांगतात: आधी शरीर, मग डबा, मग मन. डब्याबाहेर शू करणाऱ्या मांजराला मूतखडा असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात आणि डब्याची उंच कड ओलांडणं त्याच्या जिवावर येतं. तरुण मांजरांत मात्र वेगळंच दिसतं. लघवीचा त्रास घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडाही सापडत नाही आणि जंतूही. मूत्राशयाचा दाह असतो, पण त्याचं थेट कारण हाती लागत नाही. फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस हे त्याचं वैद्यकीय नाव. ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं आणि मांजराच्या भोवतालच्या ताणाशी त्याचा किती जवळचा संबंध आहे ते दाखवून दिलं. गुळ्याची सोनोग्राफी झाली, लघवी तपासली. सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर म्हणाले, ‘आता हा डब्यापाशी काय करतो ते नुसतं बघत बसा.’

बघण्यासारखं पुष्कळ होतं. मांजराला डबा पसंत असला की ते आत शिरून उकरतं, गोल फिरतं, बसतं, मागे वळून हुंगतं आणि पुन्हा उकरून झाकतं. गुळ्याचं तसं होत नव्हतं. डब्याचं झाकण काढून ठेवलं तेव्हा त्याने पुढचे दोन्ही पाय कडेवर रोवले, मागचा एकच पाय खड्यांवर टेकवला आणि तोही लगेच उचलून, बोटं फाकवून, पाण्यात पडल्यागत झटकला. उकरणं नावालाही नाही. मग उडी मारून बाहेर आला आणि डब्याशेजारची फरशी खरवडू लागला. उकरायची इच्छा होती, सवय होती; नको होते ते पायाखालचे खडे.

त्याचं कारण ज्या ताईंनी त्याला वाढवलं त्यांच्याकडून फोनवर कळलं. गुळ्याचं बालपण एका बांधकामाच्या साइटवर गेलं होतं. वॉचमनच्या खोलीशेजारी चाळलेल्या वाळूचा ढीग असायचा आणि साइटवरची सगळी पिल्लं तिथेच जायची. साधारण चार आठवड्यांचं झालं की पिल्लू आपण होऊन भुसभुशीत जागा उकरू लागतं. त्या दिवसांत पायाखाली जे लागतं, त्याची आवड बहुतेकदा जन्मभर टिकते. त्यामागचा वारसा तर फार जुना आहे. आजचं पाळीव मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज आहे, हे २००७ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने पक्कं केलं. कोरड्या, रेताड मुलखातला हा प्राणी. बारीक रेती दिसली की त्याचे पंजे आपोआप चालू लागतात. कुंडीतली ताजी भुसभुशीत माती मांजराला का मोह पाडते, याचंही उत्तर यातच आहे.

बाजारातल्या लिटरचा जन्मही वाळूच्याच मागणीतून झाला. १९४७च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅसोपोलिस या गावी एडवर्ड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. तिची वाळू थंडीने गोठली होती आणि चुलीतली राख वापरली की पावलांचे काळे ठसे घरभर उमटायचे. लोच्या घरी कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरायच्या मालाचा धंदा होता. त्याने तिला मुलतानी मातीच्या जातीची, भट्टीत सुकवलेली दाणेदार माती दिली. तिला ती इतकी आवडली की लोने पाच पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहिलं. वाळू फुकटच्या भावात मिळत असताना ६५ सेंट कोण देईल, असं दुकानदाराला वाटलं, तेव्हा लोने त्या पिशव्या फुकट वाटायला सांगितल्या. पुढे लोक पैसे देऊन मागू लागले. ओलाव्याने गोळा धरणारं बेंटोनाइटचं लिटर आलं ते १९८०च्या दशकात, थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून. या बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या शेजारी कच्छमध्येच आहेत.

मांजराला स्वतःला काय आवडतं, हेही पाहिलं गेलं आहे. अमेरिकी प्राणी-वर्तनतज्ज्ञ पीटर बोरशेल्ट यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला असं आढळलं, की बारीक दाण्याचं, गोळा धरणारं, बिनवासाचं लिटर मांजरं अधिक पसंत करतात. लॅव्हेंडरचा किंवा लिंबाचा वास माणसाच्या समाधानासाठी असतो. मांजराचं नाक आपल्याहून कित्येक पटींनी तीक्ष्ण. झाकण लावलेल्या डब्यात तो वास आणि जुन्या लघवीचा अमोनिया दोन्ही कोंडून राहतात. झाकणाचा डबा सगळ्याच मांजरांना नकोसा असतो असं मात्र नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत बहुतेक मांजरांनी झाकलेल्या आणि उघड्या डब्यात फरक केला नाही. थोड्यांची निवड मात्र अगदी ठाम होती. गुळ्या त्या थोड्यांतला.

मग हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचं मोठं घमेलं आलं. लिटर बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा असं सांगतात, आणि विकत मिळणारे बरेच डबे मोठ्या बोक्याला तोकडे पडतात. घमेलं त्या मापात सहज बसलं. कड बुटकी, वर मोकळं, अंग वळवायला ऐसपैस जागा. त्यात चाळलेली वाळू घातली, दोन-तीन इंच जाडीची. गुळ्याने घमेल्याच्या कडेवर पंजा ठेवला, मान खाली घालून वास घेतला आणि थेट मधोमध जाऊन उकरायला लागला. वाळूचा फवारा भिंतीपर्यंत उडाला. कितीतरी वेळ तो खड्डा करत होता, जागा बदलत होता, पुन्हा उकरत होता. आई दारात उभी राहून तोंडावर पदर धरून बघत होती. गुळ्या बसला, उठला, वळून हुंगलं आणि व्यवस्थित झाकून बाहेर आला.

पण फ्लॅटमध्ये कायम वाळू परवडत नाही. ती जड असते, लघवी धरून ठेवत नाही, खाली झिरपते आणि वास मारते. म्हणून बदल हळूहळू करायचा. वाळूत मूठभर बिनवासाचं बारीक बेंटोनाइट मिसळायचं, मांजर खुशाल आहे असं दिसलं की प्रमाण वाढवायचं, बिचकलं की पुन्हा एक पायरी मागे यायचं. बेंटोनाइटचा बारीक दाणा पंजाला वाळूसारखाच लागत असल्याने गुळ्याने तो विनातक्रार स्वीकारला. अगदी लहान पिल्लांना मात्र हे गोळा धरणारं लिटर देऊ नये. ती चाखून बघतात आणि ते पोटात फुगतं.

जागाही बदलली. ड्राय बाल्कनीत मशीन फिरायला लागलं की फरशी थरथरायची आणि तिथून निसटायला वाटही एकच होती. शू करताना मांजर बेसावध असतं, म्हणून येणारं-जाणारं दिसेल अशी आणि दोन्हीकडून वाट मोकळी असलेली जागा त्याला बरी वाटते. जेवणाच्या ताटलीशेजारी डबा ठेवला तर ते एकतर जेवायचं सोडतं नाहीतर डबा. घमेलं पॅसेजच्या कोपऱ्यात गेलं आणि दुसरं आईच्या खोलीत आलं. जितकी मांजरं त्याहून एक डबा जास्त, हा तज्ज्ञांचा सर्वसाधारण हिशोब आहे. त्यात सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे आणि ठरावीक दिवसांनी सगळं लिटर फेकून घमेलं साध्या साबणाने धुवायचं.

गोधडीचा प्रश्न उरला होता. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं आणि ते मोडत गेलं की तो उग्र, चिवट दर्प येतो. आपल्या नाकाला वास गेला असं वाटलं तरी मांजराला तो येतच असतो आणि तीच जागा पुन्हा खुणावते. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की असे डाग चमकून दिसतात. गादीच्या कडेला, कोणाला माहीतही नसलेला एक डाग त्याच टॉर्चने सापडला. यावर उपाय म्हणजे एन्झाइमचा क्लीनर. आधी सुक्या फडक्याने टिपायचं, मग क्लीनर मुरू द्यायचा, मग कडक उन्हात वाळवायचं. अमोनियाचा क्लीनर टाळायचा, कारण त्याचा वास लघवीच्याच जातीचा.

फिनाइलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे घाण झाली की पहिला हात त्याच बाटलीकडे जातो. फिनॉलच्या जातीची द्रव्यं निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते ती यकृताच्या याच मर्यादेमुळे. मांजराच्या घरात फिनाइल ठेवूच नये.

याच सुमारास वहिनीला दिवस राहिले आणि नातेवाइकांनी मांजर काढून टाकायचा धोशा लावला. भीती टॉक्सोप्लाझ्मोसिस या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराची. ही भीती निराधार नाही, पण उपाय सोपा आहे. हा परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोज साफ होणाऱ्या डब्यात त्याला तेवढी सवडच मिळत नाही. गरोदर बाईने स्वतः डब्याला हात लावू नये, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तो रोज साफ करावा आणि मांजराला कच्चं मांस देऊ नये. वहिनीच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. गुळ्या घरातच राहिला.

सगळं सुरळीत चाललं असताना दिवाळी आली. सुतळी बॉम्बच्या पहिल्या आवाजाला गुळ्या कपाटामागे गेला तो रात्रभर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तो बेसिनमध्ये चढून बसला, थोडं कुंथला आणि गुलाबीसर थेंब पडले. मूत्राशयाचा दाह असलेली मांजरं अशी गार, गुळगुळीत जागा पुष्कळदा निवडतात. डॉक्टरांनी मूत्रमार्ग मोकळा असल्याची खात्री केली, वेदनाशामक दिलं, ओलं अन्न आणि भरपूर पाणी द्यायला सांगितलं. आईच्या खोलीच्या खिडक्या बंद केल्या, खोक्यात जुनी साडी अंथरून लपायला जागा केली आणि घमेलं तिथेच ठेवलं. फटाके थांबले तसा तो पुन्हा घमेल्यात जाऊ लागला.

मांजर दत्तक घेताना ते काय खातं हे सगळे विचारतात. ते आजवर कशात जात होतं, वाळूत, मातीत, भुशात की कागदावर, हेही विचारा आणि पहिले काही दिवस तेच द्या. डबा सोडून दुसरीकडे केलं तर परत द्यायचा विचार करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, मग डबा, लिटर आणि जागा बदलून बघा. आणि बोका पुन्हापुन्हा डब्यात बसून कुंथतोय पण थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याच रात्री उघडा असलेला दवाखाना गाठा.