मागणाऱ्यांचा हिशेब

न्यू हेवन, रविवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

प्रवास सुखाचा झाला. मेपलची पानं लालभडक झाली आहेत आणि वारा असा बोचतो की तुमची कानटोपी काढवत नाही. आज दिवसभर येल विद्यापीठाच्या आवारात फिरले. आमच्या विद्यापीठाच्या निधी विभागाची जबाबदारी घेतल्यापासून ही जागा पाहायची होती.

येल हे नाव एका देणगीतून आलं आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर. 1701 साली निघालेल्या इथल्या लहानशा कॉलेजला इमारतीसाठी पैसे हवे होते. बॉस्टनच्या कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने येलला पत्र घातलं आणि मदत केलीत तर तुमचं नाव देता येईल असं सुचवलं. 1718 मध्ये येलने मालाचे नऊ गठ्ठे, 417 पुस्तकं आणि राजे पहिले जॉर्ज यांचं चित्र पाठवलं. माल विकून सुमारे 560 पौंड आले. पण तो मद्रासला असताना तिथल्या बंदरातून माणसंही गुलाम म्हणून विकली जात होती. हे वाचल्यावर इथल्या कोरीव दगडांकडे नुसतं कौतुकाने बघता येत नाही.

आमच्या विभागात मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ज्या पैशाची कहाणी मुलींना वसतिगृहात बसून सांगता येणार नाही, तो मागायला जायचं नाही. त्यामुळे गेल्या वर्षी एक मोठी रक्कम सोडावी लागली. कुलगुरूंना ते पटायला वेळ लागला. माझं मत बदललेलं नाही.

केंब्रिज, बुधवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

हार्वर्डला येणारा जो तो जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढतो. माझं मन मात्र एका बाईत अडकलं आहे. तिची हकिगत तुम्हाला सविस्तर सांगते, कारण बँकेत हयात घालवलेल्या माणसालाच ती नीट कळेल.

1641 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने तीन माणसं इंग्लंडला पाठवली. वसाहतीसाठी आणि या कॉलेजसाठी मदत मिळवणं हे त्यांचं काम. आजच्या भाषेत ही विद्यापीठाची पहिली निधी संकलन तुकडी. त्यांच्या कामाला हातभार म्हणून 1643 मध्ये लंडनमध्ये एक पुस्तिकाही छापली गेली. आमची माहितीपत्रकं तिच्याच वंशातली. त्याच वर्षी लंडनच्या अ‍ॅन रॅडक्लिफ, म्हणजे लेडी मोल्सन, या विधवा बाईने 100 पौंड दिले. अट स्पष्ट होती: व्याजातून एका गरीब विद्यार्थ्याचं शिक्षण व्हावं. हार्वर्डची ही पहिली शिष्यवृत्ती.

आणि पैसे? ते वसाहतीच्या तिजोरीत पडून राहिले. कॉलेजच्या हाती यायला 1713 उजाडलं. सत्तर वर्षं! बाई तर कधीच वारल्या होत्या, विचारणार कोण? पुढे, हार्वर्ड मुलींना प्रवेश देत नव्हतं म्हणून त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज निघालं आणि 1894 मध्ये त्याला तिचं नाव मिळालं. नावाचा मान मिळाला हे चांगलंच झालं. पण तिने नाव मागितलं नव्हतं, एका मुलाची फी मागितली होती.

रात्री खोलीवर येऊन मी आमच्या सगळ्या राखीव निधींची यादी उघडून बसले. कुठल्या निधीचं व्याज कोणत्या मुलीला गेलं, ते नावानिशी दिसलं पाहिजे. लोक समजतात की माझं काम श्रीमंतांना गाठण्याचं. खरं काम धनादेश वटल्यावर सुरू होतं.

एडिसन, शनिवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

इथे आपल्या माजी विद्यार्थिनी पुष्कळ. एकीच्या घरी पिठलं-भाकरीचा बेत होता आणि नंतर बैठक. मी आधी काहीच मागितलं नाही, नुसतं ऐकलं. कुणाला वसतिगृहातला गळका नळ आठवतो, कुणाला उधारीवर पुस्तकं देणारा दुकानदार. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. मग मी वसतिगृहाचा नवा मजला आणि लागणारी रक्कम मांडली.

पुढचं काम किचकट. जिच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, तिने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. जी अमेरिकेची नागरिक झाली, तिची देणगी मात्र परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, येते आणि स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. दोघी एकाच बाकावर शिकलेल्या, पावत्या वेगळ्या. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याने तिकडे रात्र जागून फोनवरून एकेकीची नोंद बरोबर करून घेतली. अशी माणसं हाताशी असली की नेतृत्व करणं सोपं जातं. मी परतल्यावर त्याचं कौतुक सगळ्यांसमोर करणार आहे.

आज अण्णासाहेब कर्वे फार आठवले. सत्तरी ओलांडल्यावर, 1929 मध्ये, ते महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान फिरले आणि नंतर आफ्रिकेतही गेले. त्याआधी 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी जाहीर केली होती, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं होतं. तरीही कर्वे मोठ्या दात्यावर विसंबून स्वस्थ बसले नाहीत, परक्या मुलखात दारोदार गेले. आम्हाला तर फोन आहे, विमान आहे.

आता एक विनंती. तुम्ही जिल्हा बँकेत तपासणीचं काम केलंत, तुमच्या नजरेतून पै सुटत नाही. दर तिमाहीला आमच्या विभागात येऊन शिष्यवृत्ती निधींचे हिशेब तपासाल का? माझे वडील म्हणून कुणी बोट दाखवू नये, यासाठी दोन माजी विद्यार्थिनीही तुमच्याबरोबर बसतील आणि अहवाल थेट देणगीदारांना जाईल. गुडघे दुखतात हे ठाऊक आहे, गाडी पाठवीन. नाही म्हणू नका, बाबा. उलटटपाली कळवा.

तुमची,
माई