मशीन बंद करणं आणि माणूस बंद करणं

शनिवार आहे, रिलीज नाही, म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेलं लिहून टाकतो.

मी वसईचा कॅथलिक आहे हे कळलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्या चर्चला इच्छामरण चालत नाही ना? मग काय, पेशंटला शेवटपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवायचं?"

नाही हो. आणि हे उत्तर आजचं नाही. १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनी हेच प्रश्न विचारले होते तेव्हा पोप बारावे पायस यांनी सांगितलं, की नेहमीचे उपचार करणं हे कर्तव्य, पण माणसावर भयंकर ओझं टाकणारे असाधारण उपचार करायलाच हवेत असं नाही. आजचा कॅटेकिझमही तेच म्हणतो. उपचार फायद्याच्या मानाने फार जड झाले तर थांबवता येतात. वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिन देता येतं, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. फक्त मरण घडवून आणणं हा हेतू नको.

आमच्या आजोबांच्या वेळी डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं. वय ८६, फुप्फुसं संपलेली. बाबांनी फादरांना फोन केला. फादर म्हणाले, "नको म्हणालात तर पाप नाही. घरी न्या, पण एकटं सोडू नका." आजोबा घरी अकरा दिवस होते. ऑक्सिजन, पेज आणि रात्री आळीपाळीने कोणीतरी उशाशी.

यावर मित्राचा युक्तिवाद : "शेवटी माणूस गेलाच ना? मग इंजेक्शन दिलं तर काय बिघडलं? आउटपुट सेम!" अरे, सर्व्हर आपोआप बसला काय आणि कोणी मुद्दाम पाडला काय, स्क्रीनवर दोन्ही वेळा 'डाऊन'च दिसतं. पण चौकशीत पहिला प्रश्न कुठला असतो? आजोबांना आजाराने नेलं, आम्ही नाही.

पण खरी अवघड केस वेगळी आहे. केईएमच्या अरुणा शानबाग. १९७३ चा तो हल्ला, मग २०१५ पर्यंत ४२ वर्षं अंथरुणात. तिथे बंद करायला व्हेंटिलेटर नव्हताच, प्रश्न अन्नाचा होता. चर्चच्या मते अन्नपाणी हा उपचार नाही, ती शुश्रूषा आहे. शरीर घेतंय तोवर नळीने का होईना, द्यायचं. २००७ मध्ये व्हॅटिकनने हे पुन्हा स्पष्ट केलं.

"पण ती कोणासाठी जगत होती?" हा प्रश्न मलाही टोचतो. पण माणसाची किंमत त्याला काय करता येतं यावर ठरवायला लागलो, की ती यादी अरुणापाशी थांबणार नाही. मतिमंद मूल, अल्झायमर झालेली आजी, सगळेच तिच्यात येतील. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात तिच्या मरणाचा अर्ज आला तेव्हा केईएमच्या नर्सेसनी विरोध केला. त्यांना तो अधिकार होता, कारण भरवणं, कूस बदलणं, स्वच्छ ठेवणं त्याच करत होत्या.

मला वाटतं, चर्चच्या शिकवणीचं खरं वजन इथे आहे. 'मारू नका' म्हणणं फुकट आहे. ते म्हणणाऱ्याने रात्रपाळीही घ्यायला हवी. आमच्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, तिथे मिस्सा झाल्यावर किती जण जातात? कँटीनमधल्या मित्राने मला हा प्रश्न अजून विचारलेला नाही. त्याने तोच विचारायला हवा.

असो. तुम्हाला काय वाटतं?